दारूचं व्यसन : हे माहीत हवं

आजारच
जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दारूवरचं अवलंबित्व हा आजार आहे. ओळख : अनावर तलफ, प्रमाणावर ताबा नसणं, तेवढ्याच नशेसाठी जास्त दारू लागणं, नुकसान दिसूनही न थांबणं.

एकदम बंद केली तर
• रोज भरपूर पिणाऱ्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते.
• काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांत भास, भ्रम सुरू होऊ शकतात. वेळेवर उपचार नसतील तर जीवही जातो.
• म्हणून घरात कोंडून दारू सोडवू नये. डॉक्टरांची देखरेख हवीच.
• डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध जेवणातून चोरून देऊ नये. त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो.

घरच्यांसाठी
उधारी फेडणं, कामावर ‘आजारी आहेत’ असं कळवणं, यामुळे व्यसनाचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. कुटुंबीयांना आधार देणारे अल-अनॉन गट १९५१पासून आहेत; व्यसनी व्यक्तींसाठीची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ १९३५ची, अमेरिकेतली.

मुक्तांगण, पुणे
व्यसनमुक्ती केंद्र. स्थापना १९८६. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट.

पुन्हा प्यायला लागल्यास
दीर्घ आजारात असं होतं. आधीचे उपचार वाया जात नाहीत. लगेच उपचारांसाठी परत जावं.

राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६