टोपणनावाची जबाबदारी

हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात रेशनच्या मापातील चोरीविषयी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहायचे झाले, तर लिहिणाऱ्याचा मोबाइल क्रमांक सर्वांना दिसतो, आणि पुष्कळदा दुकानदाराच्याच भावकीतील शेतात त्याला हळद काढणीच्या मजुरीला जायचे असते. ओळख न देता लिहिण्याची सोय अशा माणसाला तोंड उघडण्यापुरता आधार देते.

मराठीत या सोयीचा वापर इंटरनेटच्या फार आधी झाला. गोपाळ हरी देशमुख कंपनी सरकारच्या नोकरीत असताना १८४८ पासून त्यांनी ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने शंभरावर पत्रे लिहिली आणि उच्चवर्णीयांच्या रूढींवर, विधवांच्या हालांवर परखड टीका केली. त्यांनी सर्व पत्रांखाली एकच नाव ठेवले, म्हणून मागच्या पत्रातील विधानाचा जाब पुढच्या पत्राला विचारता येत होता; टोपणनाव आणि निनावीपणा यांतील खरा फरक येथेच आहे.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’सारख्या मराठी संकेतस्थळांवरही वर्षानुवर्षे एकाच सदस्यनामाने लिहिणाऱ्यांची पत तयार होते, आणि सासर, आजार किंवा नोकरीतील छळ यांविषयी स्वतःच्या नावाने जे लिहिणे अशक्य ठरले असते ते तेथे लिहिले जाते. ही पत ‘डुआयडी’ पोखरतो. डुआयडी म्हणजे त्याच व्यक्तीने घेतलेले दुसरे सदस्यनाम: त्याआडून स्वतःच्या लेखनाला वाहवा दिली जाते, विरोधकावर, विशेषतः स्त्रियांवर, गलिच्छ हल्ले होतात, आणि ते नाव बंद केले तरी दुसऱ्या दिवशी नवे उगवते.

याहून घातक असतो तो कर्ताच नसलेला मजकूर, कारण तो पुढे धाडणाऱ्याचा क्रमांक दिसला तरी मुळात कोणी लिहिला हे कळत नाही. मुले पळवणाऱ्या टोळीची अशी अफवा पसरलेली असताना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या जमातीच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यानंतर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांना मजकुराचा मूळ प्रेषक शोधण्याची व्यवस्था ठेवण्यास सांगितले. व्हॉट्सॲपने याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, कारण एकाचा माग काढण्यासाठी सर्वांच्याच संदेशांची गोपनीयता मोडावी लागेल, असे त्याचे म्हणणे आहे. एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, ही जुलै २०१८ मध्ये भारतात घातलेली मर्यादा अधिक शहाणपणाची वाटते, कारण ती कोणाचेही नाव न विचारता अफवेचा वेग कमी करते.