असईची लढाई आणि ग्लासगोचा घोडेस्वार

बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असई हे लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे आर्थर वेलस्लीच्या कंपनी फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८४४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात लोकवर्गणीतून त्याचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा उभारला गेला. शिल्पकार मारोचेट्टी. चौथऱ्यावर वॉटर्लूच्या जोडीला असईच्या लढाईचेही उठावशिल्प आहे. आज तो संरक्षित वारसा आहे. तिथले लोक मात्र १९८० च्या दशकापासून त्याच्या डोक्यावर रहदारीचा प्लॅस्टिकचा शंकू चढवून ठेवतात!

आपण चौथऱ्याकडे पाहू. असईत कंपनीचे ४२८ लोक मेले, अकराशेवर जखमी झाले. त्यांत निम्म्याहून अधिक याच देशातले शिपाई, बहुतेक मद्रास फौजेतले. त्या फौजेत अस्पृश्य मानलेल्या परैयर समाजातूनही भरती होत असे. शिंद्यांच्या बाजूने पडलेल्या हजारोंची तर धड मोजदादही नाही. रक्त अनेकांचे, घोडा एकाचा आणि नावही एकाचेच! सेनापतीच्या पुतळ्याची हीच रीत असते.

याउलट कोरेगावचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची ती खूण. तेथे घोडेस्वार नाही, पडलेल्या शिपायांची नावे आहेत. 'नाक' हा शेवट असलेली नावे महारांची. म्हणून तो दगड आपल्याशी बोलतो.

पण इंग्रज आपले उद्धारकर्ते होते असा अर्थ यातून काढणे भाबडेपणाचे ठरेल. दगडावर नावे कोरणाऱ्या त्याच सत्तेने १८९० च्या दशकात महारांना लष्कराची दारे बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांना त्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला गेले आणि त्या दगडाला नवा अर्थ आला. साम्राज्याच्या विजयाची खूण आपल्या स्वाभिमानाची खूण झाली.

स्मारकाला अर्थ देतात ती जिवंत माणसे. आपला विद्यार्थी असईची तारीख आणि सेनापतीचे नाव पाठ करतो. शिक्षकांनी त्याला पुढचा प्रश्न विचारायला शिकवावे: तोफा कोणी ओढल्या, जखमींना कोणी उचलले आणि त्यांची नावे कुठे आहेत?