भिंतीवरचा पाषाण

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष कोरलेले असून, शिलाहार नृपती मम्वाणी याच्या कारकीर्दीतील ही इमारत घडीव काळ्या पाषाणाच्या बळावर उभी आहे. परंतु ज्या गृहस्थाला असा पाषाण परवडत नाही, त्याच्या विटांच्या भिंतीवर दगडाचेच कवच चढविण्याची युक्ती चुन्याच्या गिलाव्याने साधली.

चुनखडी किंवा कोकणकिनाऱ्यावरचे शिंपले भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजले, की शंभर भाग शुद्ध चुनखडीतून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ भाग कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीवर लावला म्हणजे गमावलेला वायू हवेतून हळूहळू परत घेत पुन्हा चुनखडी होतो. असा गिलावा सच्छिद्र असल्याने भिंतीत मुरलेली पावसाळी ओल त्यातून बाहेर पडते, सिमेंटाच्या घट्ट थराआड कोंडून राहत नाही.

घरी हे काम करायचे तर आधी पिंपात पाणी भरून त्यात कळीचे खडे थोडे थोडे सोडावेत. खड्यांवर पाणी ओतू नये, कारण चुना खदखदून उसळतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे असावेत, मुलांना दूर ठेवावे. विरलेला चुना गाळून, वर पाण्याचा थर राखून, निदान तीन आठवडे मुरू द्यावा. मुदत जितकी लांबेल तितका तो लोण्यासारखा मऊ होतो. मग एक भाग चुन्यास अडीच भाग धुतलेली रेती घेऊन, तडे आवरण्यासाठी तागाचे बारीक तुकडे घालून, मिश्रण चांगले मळावे. आपल्याकडील अनेक किल्ल्यांवर आढळणारा चुन्याचा घाणा याच मळणीसाठी असे. जुने गवंडी त्यात गुळाचे वा हिरड्याचे पाणीही घालीत.

भिंत भिजवून पहिला थर सुमारे १२ मिलिमीटरचा चढवावा. तो आवळला म्हणजे थापीने दाबून दुसरा, पातळ थर द्यावा. पुढे आठवडाभर गोणपाट लावून ओल टिकवावी, कारण झपाट्याने वाळलेला गिलावा भुसभुशीत राहतो. म्हणून दिवाळीनंतरचा सौम्य काळ उत्तम. मात्र रंग किंवा सिमेंटाचा थर चढलेल्या भिंतीवर चुना पकडत नाही. तो थर विटेपर्यंत खरवडण्याची तयारी असेल, तरच एखाद्या लहानशा भिंतीपासून प्रारंभ करावा.