यजमानाचा पाहुणा करणारे ‘बी’ आणि ‘बीइंग’

‘आय वॉन्ट टू इन्व्हाइट देम’ म्हणजे मला त्यांना बोलवायचं आहे. ‘आय वॉन्ट टू बी इन्व्हायटेड’ म्हणजे मला कुणीतरी बोलवावं. मध्ये ‘बी’ आला, क्रियापदाचं तिसरं रूप आलं आणि यजमानाचा पाहुणा झाला. हाच इन्फिनिटिव्हचा, म्हणजे ‘टू’ लागलेल्या क्रियापदाचा, कर्मणी प्रयोग.

‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘माइंड’ या क्रियापदांनंतर मात्र ‘टू’ चालत नाही, तिथे जेरंड, म्हणजे क्रियापदाचं ‘आयएनजी’ रूप, लागतो. मग ‘टू बी’ऐवजी ‘बीइंग’ घ्यायचं, तिसरं रूप तेच: ‘शी एन्जॉइज बीइंग इन्व्हायटेड’. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘तिला कुणी बोलावलेलं आवडतं’.

क्रिया आधीच घडून गेली असेल, तर ‘टू हॅव बीन इन्व्हायटेड’ किंवा ‘हॅविंग बीन इन्व्हायटेड’.

एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा. ‘द शर्ट नीड्स वॉशिंग’ म्हणजे शर्ट धुवायला हवा. इथे रूप साधं असूनही अर्थ कर्मणीच आहे. ‘नीड्स टू बी वॉश्ड’ म्हटलं तरी तेच.

म्हणून वाक्य जुळवताना आधी दोन प्रश्न विचारा: क्रिया करणारा कोण आणि आधीच्या क्रियापदाला ‘टू’ हवा की ‘आयएनजी’? उत्तरं मिळाली की रूप आपोआप सापडतं.