पेशीचें दार आणि मीठ-साखरेचें पाणी

दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं परगांवीं निघतात. लेकरेंही बरोबर असतात. फडाजवळच्या कोपींत एखाद्या लेकराला जुलाब होऊं लागले आणि दवाखाना दूर असला, तर त्याचा जीव कसा सांवरावा? याचें उत्तर आपल्या पेशींभोंवतींच्या एका पापुद्र्यांत आहे.

आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं एक पटल असतें. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी. तें स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचें असून त्यांत प्रथिनें तरंगत असतात, हें चित्र सिंगर व निकोल्सन यांनीं १९७२ सालीं मांडलें. पटल भिंतीसारखें वाटलें, तरी त्यांतील कांहीं प्रथिनें दारांचें काम करितात. कोणाला आंत घ्यावें आणि कोणाला अडवावें, हें तींच ठरवितात.

मिठांतील सोडियम स्निग्ध थरांतून सहसा पार होत नाहीं; त्याला दार लागतें. लहान आंतड्याच्या पेशींना असें एक दार आहे कीं, सोडियम आणि ग्लुकोज हीं दोन्ही त्यांतून जोडीनेंच आंत शिरतात, आणि पाणी त्यांच्या मागोमाग ओढलें जातें. हा संबंध रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० सालीं प्राग येथें मांडला. पटकीच्या विषानें दुसऱ्या दारांतून क्षार व पाणी बाहेर वाहूं लागलें, तरी हें दार शाबूत राहतें. म्हणून नुसत्या पाण्यानें जें साधत नाहीं, तें मीठ-साखरेच्या पाण्यानें साधतें.

१९७१ सालीं पश्चिम बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीची सांथ आली आणि सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं असेंच पाणी रुग्णांना तोंडानें देवविलें. तेथील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० वरून ४ च्या आंत आलें.

मात्र माप चुकूं देऊं नये. दवाखान्यांतून मिळणारी क्षारांची पुडी तीवर छापलेल्या मापाच्या पाण्यांतच विरघळवावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावें. साखर अधिक झाली, तर उलट शरीरांतलेंच पाणी आंतड्यांत ओढलें जाऊन जुलाब वाढतात. तें पाणी घोटघोट पाजावें, अंगावरचें दूध थांबवूं नये; मूल सुस्त झालें, लघवी बंद झाली वा शौचांतून रक्त पडलें, तर विलंब न करितां दवाखाना गांठावा.

ज्यांच्या कोयत्यामुळें आपल्या घरीं साखर येते, त्यांच्या कोपींत चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर यांचा हा उपयोग ठाऊक असणें, हें आपल्यासारख्या शिकलेल्यांचेंही काम आहे.