मोटार-सायकलीच्या चिमट्याला रिळें बसवावीं काय ?

शिवणयंत्राच्या रिळाएवढ्या दोन वस्तूंविषयीं मी आज बोलणार आहें. सारा जन्म मुलांना गणित शिकविण्यांत घालविलेल्या मॅट्रिक मास्तरानें फटफटीच्या सामानावर भाषण करावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पण गेल्या दिवाळींत रोहण्यास आमच्या घरीं एक प्रसंग घडला, आणि तेव्हांपासून या क्षुल्लक वस्तूंकडे मी निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों.

माझा भाचा पुण्यास नोकरीस असतो. सहाशेंहून अधिक किलोमीटर वाट तुडवून तो आपल्या मोटार-सायकलीवर आला. आर्वीकडील काळ्या मातीची गोष्ट वऱ्हाडांतल्या माणसास सांगावयास नको. ती चेनीवरील तेलांत मिसळली कीं तिचें घासकाम सुरू होतें, व चेन आणि दातेरीं चक्रें दोन्ही झिजतात. तेव्हां दुसरे दिवशीं सकाळीं चेन धुणें आलेंच. गाडीस डबल स्टँड नव्हता. त्यानें चिमट्याच्या दोन्ही टोकांखालीं विटा रचल्या, माझ्या मुलास हँडल धरावयास सांगितलें, इंजिन सुरू करून पहिला गियर टाकला, आणि फिरत्या चेनीला फडकें लावलें. फडकें चक्रांत ओढलें गेलें व त्याबरोबर तर्जनीचें नखही. बोट वाचलें. "मामा, कांहीं झालें नाहीं," असें तो म्हणत होता आणि रक्त रांगोळीवर ठिबकत होतें.

त्या रात्रीं मीं कागदावर एक सोपा हिशेब मांडला. मागील चक्रास ४५ दाते आणि चेनीच्या लगतच्या दोन पिनांमधील अंतर सुमारें १६ मिलिमीटर; म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यांत ७२ सेंटिमीटर चेन सरकते. इंजिन मंद चालत असतां पहिल्या गियरमध्यें चाक मिनिटास ७० फेरे घेतें असें धरूं. मग चेनीचा वेग सेकंदास ८४ सेंटिमीटर झाला. दचकून हात मागें घेण्यास पाव सेकंद लागला, तर तेवढ्यांत चेन २१ सेंटिमीटर पुढें गेलेली असते. भाच्याचा हात चक्रापासून एक वीतही दूर नव्हता.

आतां रिळांकडे वळूं. मागील चाक ज्या दोन बाहूंच्या सांगाड्यांत बसवितात, आणि खड्ड्यांतून जातांना जो वरखालीं हालतो, त्यास स्विंगआर्म असें इंग्रजी नांव आहे. कारागीर त्यास चिमटा म्हणतात, व तेंच मला अधिक बोलकें वाटतें. कांहीं गाड्यांना या चिमट्याच्या मागल्या टोकांशीं, चाकाच्या आसाजवळ, दोन्ही अंगांस आटे पाडलेलीं छिद्रें ठेविलेलीं असतात. त्यांत बोल्टानें आवळावयाचे खांचदार गोल तुकडे म्हणजेच हीं रिळें. पॅडॉक स्टँडचीं दोन शिंगें या खांचांत अडकवून मागील लांब दांडा खालीं दाबला कीं चाक जमिनीवरून उचललें जातें. ही आपली शाळेंतली तरफच. समजा, मागील बाजूचा भार ८० किलो आहे आणि दांड्याची भुजा शिंगांच्या भुजेच्या चौपट आहे, तर २० किलोंच्या जोरानें काम भागतें.

ही सोय मूळची शर्यतींतली. शर्यतीच्या गाड्यांना, वजन वाचावें म्हणून, स्वतःचा स्टँड नसतो. मैदानालगतच्या ज्या आवारांत त्या सज्ज करतात त्यास पॅडॉक म्हणतात. पुढें रस्त्यावरील गाड्याही त्याच वळणाच्या निघूं लागल्या. चाकणच्या बजाजच्या कारखान्यांत बांधलेली केटीएम ड्यूक २०० ही २०१२ सालच्या जानेवारींत बाजारांत आली. तिलाही डबल स्टँड नव्हता. अशा गाडीचा मालक चेन साफ करावयास बसला म्हणजे एक तर गाडी हातहात पुढें ढकलीत राहतो, नाहीं तर विटा आणि इंजिन यांच्या नादीं लागतो. रिळांचें खरें मोल माझ्या मतें येथें आहे. चाक अधांतरीं स्थिर राहिलें, हातानें हलकें फिरूं लागलें, कीं इंजिन चालविण्याचा मोहच होत नाहीं. चेनीचा ताण पाहणें, ती एखाद्या ठिकाणीं अधिक ताणली जाते काय हें पारखणें, हींही कामें सोपीं होतात.

रिळांवांचूनही चिमट्यास खालून रबरी आधार देणारे स्टँड मिळतात. ते चालतात, पण आधार सपाट असल्यानें गाडी कडेस घसरण्याचें भय राहतें. खांचेंत बसलेलें शिंग तसें सरकत नाहीं.

घेतांना मात्र डोळे उघडे ठेवावे. बोल्ट ६, ८ किंवा १० मिलिमीटरचे असतात, आणि १० मिलिमीटरच्या बोल्टांतही आट्यांचें अंतर कोठें सव्वा तर कोठें दीड मिलिमीटर असतें. चुकीचा बोल्ट पान्यानें रेटला, तर अॅल्युमिनियमच्या चिमट्यांतील आटे कायमचे जातात. म्हणून आधीं बोटांनीं फिरवून पाहावें. सहज गेला तरच पाना लावावा, व तोही बेतानें. छिद्रें नसलेल्या चिमट्यावर वेल्डिंग करून रिळें चिकटवून देणारेही भेटतात. त्यांचें ऐकूं नये. ज्या धातूवर चाकाचा सारा भार, त्यास उगीच ताव देणें हा शुद्ध अविचार होय. गाडी पडल्यास रिळें चिमट्याचें रक्षण करतात, असें दुकानदार सांगतात. थोडें ओरखडे वांचतील. परंतु जबर आघातानें बोल्ट वांकून आटेच फाटण्याचा संभव असतो. या आशेनें तीं घेऊं नयेत.

पहिले कांहीं वेळां सोबतीस गाडी सरळ धरावयास लावावें; गाडी न्यूट्रलमध्यें असावी आणि किल्ली खिशांत. हातानें चाक फिरवितांनाही बोट चक्राजवळ नेऊं नये. चाक थांबवावें, मग पुसावें. जमीन मात्र कठीण व सपाट हवी. आमच्या सारवलेल्या अंगणांत स्टँडचीं लहान चाकें रुततात, म्हणून आम्ही खालीं शहाबादी फरशी बसवून घेतली. शहरांतील वाहनतळावर ही अडचण नाहीं. रिळें कांहीं शें रुपयांस येतात. स्टँडला मात्र पुष्कळच अधिक पडतात, पण एका इमारतींतील चार-पांच जणांस एक स्टँड पुरतो. भाच्यानें शेजाऱ्यांबरोबर तसाच घेतला आहे. त्याचें नख आतां पुन्हां आलें, जरा वांकडें.

ज्यांच्या गाडीस डबल स्टँड आहे, त्यांना यांतलें कांहींच नको. माझ्या गाडीस तो आहे.