ट्रॅक्टरचा टायर एकाच कडेने का झिजतो?



उसाचा हंगाम लागला की पैठण, गंगापूर, कन्नडकडचे ट्रॅक्टर शेतापेक्षा डांबरी रस्त्यावरच जास्त धावतात. आपल्या काळ्या मातीत टायर फारसा झिजत नाही, तो झिजतो डांबरावर. झिजायचाच तर सारखा झिजावा. पण पुष्कळदा एकच कड गुळगुळीत होते आणि उरलेली नक्षी शाबूत असतानाच टायर बदलायची पाळी येते. टायर कुठे खाल्ला ते पाहिले, की दोष सापडतो.

दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते. फक्त मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते. साधारणपणे पुढच्या टायरात 24 ते 28 पौंड, मागच्यात शेतकामाला 12 ते 14 आणि रस्त्यावर 18 ते 20 पौंड हवा लागते. तरी आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतला आकडाच खरा धरावा. हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी. उन्हात लांबून चालून आलेल्या टायरात ती फुगून जास्त दिसते; म्हणून लगेच सोडू नये. काहीजण टायरला लाथ मारून हवा सांगतात. त्यापेक्षा हवेचा मीटर घरी ठेवावा, फार महाग नसतो.

पुढच्या टायरची एकच कड झिजत असेल तर चाकांची सरळ बिघडली आहे. आधी चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खडखडले तर बेअरिंग किंवा किंगपिन ढिली आहे. ते काम आधी करावे. मग सपाट जागी, आसाच्या उंचीवर, दोन्ही टायरांच्या पुढच्या बाजूला मधोमध खडूची खूण करा. दोन खुणांतले अंतर मोजा. ट्रॅक्टर हळू पुढे ढकला, खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. पुढचे अंतर मागच्यापेक्षा एक ते दोन सूत, म्हणजे 3 ते 6 मिलिमीटर, कमी हवे. त्याहून फार कमी असेल तर टायरची बाहेरची कड खाल्ली जाते. उलट पुढे जास्त भरले तर आतली. टाय रॉडचे नट सैल करून हे जुळवता येते. मोटार किंवा जीपचे मात्र गॅरेजमध्येच करून घ्यावे.

मागचा एकच टायर झिजतोय? मग ब्रेक पाहा. रस्त्याला लागताना दोन्ही पेडल खिट्टीने जोडलीच पाहिजेत आणि दोन्ही ब्रेक सारखे लागले पाहिजेत. कन्नडच्या औट्रम घाटात भरली ट्रॉली मागे असताना एकच चाक धरले, तर प्रश्न टायरचा उरत नाही, जिवाचा होतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर डांबरावर पुढची चाके सोडवून ठेवा.

ट्रॉलीकडे कुणी बघत नाही. पाट्यांचे यू-बोल्ट ढिले झाले की आस तिरका सरकतो आणि टायर फरफटतो. हुकाच्या कडीपासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी धरून पाहा. दोन्हीकडे सारखी भरली पाहिजे.